मँगनाइटच्या पातळ फिल्म्स आणि अ‍ॅनिलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मँगनाइटवर काम सुरू करणारे बहुतेक जण पहिल्या दोन-तीन महिन्यांत हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. फिल्म म्हणजे सबस्ट्रेटवर, म्हणजे खालच्या आधाराच्या क्रिस्टलवर, बसवलेला पातळ थर, आणि अ‍ॅनिलिंग म्हणजे ती ठरावीक गॅसमधे किंवा व्हॅक्यूममधे भट्टीत तापवून मग थंड करणं. क्रम फार लावलेला नाही, जसं आठवलं तसं. काही उत्तरं लांबलीत, कारण तिथेच खरी गंमत आहे.

मँगनाइट म्हणजे नक्की काय, थोडक्यात सांगा ना?

लॅन्थनम, मँगनीज आणि ऑक्सिजनचं पेरोव्हस्काइट (एका ठरावीक, साधारण घनाकार रचनेचं ऑक्साइड), ज्यात लॅन्थनमच्या काही जागांवर कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम किंवा बेरियम बसवलेलं असतं, यालाच डोपिंग म्हणतात. नुसतं लॅन्थनम मँगनाइट घेतलं तर ते इन्सुलेटर, आणि साधारण १४० केल्विनच्या खाली अँटिफेरोमॅग्नेट (शेजारचे स्पिन उलट दिशांना, एकूण चुंबकत्व शून्य). पण तीसेक टक्के स्ट्रॉन्शियम टाकलं की तेच मटेरियल धातूसारखा करंट वाहून न्यायला लागतं आणि ३६० केल्विनच्या आसपासपर्यंत फेरोमॅग्नेट, म्हणजे साधं चुंबक, राहतं; हे चुंबकत्व जिथे जातं ते तापमान म्हणजे टीसी (क्युरी तापमान). स्ट्रॉन्शियमऐवजी कॅल्शियम टाकलं तर हाच आकडा २५० ते २७० केल्विनवर येतो. पहिल्याला सगळे एलएसएमओ म्हणतात, दुसऱ्याला एलसीएमओ, मीही पुढे तेच म्हणणार आहे.

हे चुंबकत्व १९५० मधे जोंकर आणि व्हान सँटन यांनी दाखवलं आणि लगेच १९५१ मधे झेनरने त्याचं कारण सांगितलं, त्याला डबल एक्सचेंज म्हणतात. इलेक्ट्रॉन तीन प्लसवाल्या मँगनीजवरून मधल्या ऑक्सिजनमार्गे शेजारच्या चार प्लसवाल्या मँगनीजवर उडी मारतो आणि दोघांचे स्पिन एकाच दिशेने असतील तरच ती उडी सहज जमते. म्हणजे वहन आणि चुंबकत्व एकाच दोरीला बांधलेले आहेत, एकाला ओढलं की दुसरं हलतंच. आणि ती दोरी मधल्या ऑक्सिजनमधून जाते, हे लक्षात ठेवा, खालची निम्मी उत्तरं यातूनच निघतात.

अ‍ॅनिलिंगमुळे फिल्ममधे नेमकं काय बदलतं?

पुष्कळ जण "अ‍ॅनिलिंगने क्रिस्टलिनिटी सुधारते" असं एक वाक्य लिहून मोकळे होतात. ते चूक नाहीये पण त्यातून काहीच कळत नाही. भट्टीत एकाच वेळी तीन-चार वेगळ्या गोष्टी चालू असतात आणि प्रत्येकीचा वेग वेगळा असतो. ऑक्सिजन आत येतो किंवा बाहेर जातो, हे सगळ्यात लवकर होतं आणि सगळ्यात कमी तापमानाला सुरू होतं. मग सबस्ट्रेटने फिल्मवर टाकलेला ताण थोडा सैल होतो, डिस्लोकेशन्स (जाळीतले रेषेसारखे दोष) सरकतात. फिल्म पॉलिक्रिस्टलाइन, म्हणजे अनेक छोट्या क्रिस्टलची बनलेली, असेल तर ग्रेन, म्हणजे ते छोटे क्रिस्टल, वाढतात. आणि सगळ्यात शेवटी, तापमान फारच वर नेलं तर, लॅन्थनम, स्ट्रॉन्शियम, मँगनीजसारखे जड आयन हलायला लागतात, सबस्ट्रेटमधले अणू वर येतात, फिल्ममधले खाली जातात.

म्हणून "९०० अंशाला केलं आणि टीसी वाढला" असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, गॅस कुठला होता आणि थंड कसं केलं? माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त वेळा तो वाढलेला टीसी म्हणजे निव्वळ परत भरलेला ऑक्सिजन असतो आणि तेच काम ६०० अंशाला पण झालं असतं, थोडा जास्त वेळ दिला असता तर.

ऑक्सिजनचा एवढा बाऊ का करता?

हिशोब करून बघा. ऑक्सिजनचा एक अणू जाळीतून निघून गेला की तो दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून जातो, ते दोन इलेक्ट्रॉन दोन चार प्लसवाल्या मँगनीजना तीन प्लस करून टाकतात. तीस टक्के डोपिंगवाल्या फिल्ममधे दर मँगनीजमागे चार प्लसचं प्रमाण ०.३० असतं. फॉर्म्युल्यातल्या तीन ऑक्सिजनपैकी ०.०५ गेला तर ते ०.२० होतं, ०.१० गेला तर ०.१०, आणि ०.१५ गेला तर शून्य, म्हणजे तुम्ही मेहनतीने केलेलं सगळं डोपिंग पाण्यात. आणि ०.१५ म्हणजे एकूण ऑक्सिजनच्या फक्त पाच टक्के! बरं, नुसतं डोपिंगच जातं असं नाही, ज्या पुलावरून इलेक्ट्रॉन जायचा तो पूल पण तिथे तुटलेला असतो, त्यामुळे टीसी तर उतरतोच, शिवाय ट्रान्झिशन पसरट होतं आणि रेझिस्टिव्हिटी बेसुमार वाढते.

स्पटरिंगने (आयनच्या माऱ्याने अणू उडवून) किंवा कमी प्रेशरला लेझरने बनवलेल्या फिल्म्स हमखास अशा उपाशी असतात. तिथे ऑक्सिजनमधलं अ‍ॅनिलिंग जादूसारखं वाटतं, पण जादू वगैरे काही नाही, जे बनवताना कमी पडलं ते नंतर भरलं इतकंच. उलट लेझरने पुरेशा ऑक्सिजनमधे, म्हणजे काही दशांश मिलिबारला, बनवून नंतर जवळपास एक अ‍ॅटमॉस्फिअर ऑक्सिजन सोडून थंड केलेली चांगली फिल्म असेल तर अ‍ॅनिलिंगने फार फरक पडत नाही आणि लोक नाराज होतात. अहो, फरक पडला नाही ही चांगली बातमी आहे!

तापमान किती ठेवू आणि वेळ किती देऊ?

याला एक आकडा नाही, पण विचार कसा करायचा ते सांगतो. आयनला आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाला डिफ्यूजन कोएफिशंटने भागून येतो. समजा एखाद्या तापमानाला ऑक्सिजनचा डिफ्यूजन कोएफिशंट १० चा उणे १४वा घात सेमी वर्ग प्रति सेकंद आहे आणि फिल्म १०० नॅनोमीटर जाड आहे, तर वेळ येतो १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तासाच्या आसपास. जाडी दुप्पट केली तर अकरा तास. आणि तापमान थोडंसं कमी केलं तरी कोएफिशंट झपाट्याने खाली येतो कारण तो एक्सपोनेन्शियल आहे, त्यामुळे ४०० अंशाला दोन तास ठेवून "काही झालं नाही" म्हणण्यात अर्थ नसतो. फिल्म फारच पातळ असेल तर मग डिफ्यूजन नाही, पृष्ठभागावर ऑक्सिजनचा रेणू फुटून आत शिरण्याचा वेग आड येतो, तिथे वर्गाचा नियम लागत नाही.

ढोबळपणे, नुसता ऑक्सिजन भरायचा तर ५५० ते ७०० अंश सेल्सियस आणि काही तास. ताण सैल करायचा, दोष कमी करायचे तर ८०० ते ९५०. त्याच्या वर जायचं असेल तर कारण माहीत असावं, उगाच नको. सोल-जेलवाल्यांची, म्हणजे द्रावण पसरून फिल्म करणाऱ्यांची, गोष्ट वेगळी, त्यांना आधी ३०० ते ४५० अंशात ऑर्गॅनिक जाळून मग ६०० ते ८०० ला क्रिस्टल बनवायचा असतो, तिथे अ‍ॅनिलिंग ही दुरुस्ती नाही, जन्मच तो.

थंड करताना एवढी काळजी कशाला?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी यायला हवा पण कोणी विचारतच नाही. गरम असताना ऑक्साइड ऑक्सिजन सोडायला बघतं आणि थंड होताना परत घ्यायला बघतं. म्हणजे ९०० अंशाला समतोलात असलेल्या फिल्ममधे ऑक्सिजन थोडा कमीच असतो, तो भरतो खाली येताना. पण फार खाली आलं की आयन हलणंच बंद होतं आणि जे काही असेल ते गोठून जातं. तर ६०० ते ४०० अंश हा पट्टा महत्त्वाचा, तिथे आयनला हलताही येतं आणि फिल्मला ऑक्सिजन हवाही असतो. तिथून मिनिटाला तीन-पाच अंशाने उतरा, मधे ४५०-५०० ला अर्धा तास थांबलात तर अजून छान.

एकदा मी भट्टी बंद करून गॅसही बंद केला आणि घरी गेलो, कारण "आता काय, थंडच तर व्हायचंय". ट्यूब पंपाला जोडलेली होती आणि व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. सकाळी फिल्म मेगाओममधे. चार तासांचं अ‍ॅनिलिंग शेवटच्या एका तासात उलटं फिरलं होतं. तीच फिल्म परत ऑक्सिजनमधे ६५० ला ठेवली आणि आली ताळ्यावर, म्हणजे निदान हे कळलं की हा बदल दोन्ही बाजूंनी होतो.

टीसी आणि रेझिस्टन्सचं शिखर एकाच तापमानाला यायला हवं ना? माझ्या फिल्ममधे ६० केल्विनचा फरक आहे.

सिंगल क्रिस्टलसारख्या चांगल्या एलसीएमओ फिल्ममधे दोन्ही जवळजवळ एकत्र येतात. पण मॅग्नेटायझेशन मोजताना तुम्ही ग्रेनच्या आतलं सगळं मटेरियल मोजता आणि रेझिस्टन्स मोजताना करंटला ग्रेन बाउंड्री, म्हणजे दोन ग्रेनमधल्या सीमा, ओलांडाव्याच लागतात. बाउंड्रीवर ऑक्सिजन कमी, स्पिन विस्कटलेले, तिथला पातळ थर उशिरा चुंबकीय होतो किंवा होतच नाही. मग टीसी २५५ ला आणि रेझिस्टन्सचं शिखर १९५ ला असं चित्र दिसतं. अ‍ॅनिलिंगनंतर शिखर वर सरकलं आणि टीसी जागेवरच राहिला तर समजायचं की बाउंड्री सुधारली, आतलं मटेरियल आधीपासून ठीकच होतं. दोन्ही बरोबर सरकले तर ऑक्सिजन भरला. ही एक जोडी बघितली तरी अ‍ॅनिलिंगने काय केलं याचा अर्धा अंदाज येतो, त्यामुळे फक्त रेझिस्टन्स मोजून थांबू नका.

एलएसएमओमधे एक घोळ आहे, तिथे टीसीच्या वर पण रेझिस्टन्स फारसा उतरत नाही, त्यामुळे शिखर पसरट असतं आणि ते ३५० केल्विनच्या पुढे असल्यामुळे साध्या क्रायोस्टॅटमधे दिसतच नाही. "शिखर नाही" म्हणजे फिल्म वाईट असं नसतं, मोजणी ३०० ला थांबलेली असते.

एक्सरेमधे सी-अक्ष कमी झाला, म्हणजे ऑक्सिजन भरला असं म्हणू शकतो का?

सबस्ट्रेट कुठला आहे त्यावर अवलंबून आहे, आणि इथे खूप जण फसतात म्हणून जरा सविस्तर.

ऑक्सिजन भरला की मोठ्या तीन प्लस मँगनीजची (०.६४५ अँगस्ट्रॉम) जागा छोटा चार प्लस (०.५३ अँगस्ट्रॉम) घेतो आणि जाळी आकसते, सी-अक्ष (जाळीची उभी लांबी) कमी होतो, एक्सरेचं पीक मोठ्या कोनाकडे सरकतं. इथपर्यंत बरोबर. पण ताण सैल झाला तरी सी-अक्ष बदलतो. एलएसएमओची जाळी ३.८७६ अँगस्ट्रॉमच्या आसपास, स्ट्रॉन्शियम टायटनेट म्हणजे एसटीओची ३.९०५. म्हणजे एसटीओवर फिल्म आडवी पाऊण टक्का ताणलेली असते आणि उभी दबलेली. ताण सैल झाला तर सी-अक्ष वाढतो. ऑक्सिजन कमी करायला बघतो, रिलॅक्सेशन वाढवायला बघतं, आणि दोघांनी एकमेकांना खाल्लं तर पीक जागच्या जागी आणि तुम्ही लिहिता "स्ट्रक्चरमधे बदल नाही".

लॅन्थनम अ‍ॅल्युमिनेटवर उलटं. त्याची जाळी ३.७९, म्हणजे फिल्म आडवी दोन टक्क्यांहून जास्त दाबलेली आणि उभी ताणलेली. तिथे रिलॅक्सेशननेही सी-अक्ष कमी होतो आणि ऑक्सिजननेही. पीक मस्त सरकतं आणि सगळं श्रेय ऑक्सिजनला जातं. यातून सुटायचं तर नुसता थीटा-टूथीटा (फक्त उभी जाळी मोजणारा एक्सरे स्कॅन) पुरत नाही, आडवी जाळी पण मोजायला लागते, रेसिप्रोकल स्पेस मॅप काढायला लागतो. तो काढायची सोय नसेल तर तीच फिल्म नियोडिमियम गॅलेटवर बनवा, त्याची जाळी ३.८६ च्या आसपास असल्यामुळे ताण नगण्य असतो आणि जो बदल दिसेल तो बहुतेक ऑक्सिजनचा.

ताण सैल झाला की चुंबकीय गुणधर्मात काय दिसतं?

टीसी थोडा बदलतो, पण जास्त ठळक फरक चुंबकत्व कुठल्या दिशेला सहज वळतं त्यात, म्हणजे अ‍ॅनिसोट्रॉपीत दिसतो. लॅन्थनम अ‍ॅल्युमिनेटवरच्या दाबलेल्या फिल्ममधे सोपी दिशा फिल्मच्या बाहेर, उभी जाते आणि पट्ट्यापट्ट्यांचे डोमेन दिसतात. एसटीओवर ती फिल्मच्या प्रतलातच असते. अ‍ॅनिलिंगने ताण गेला की उभी दिशा हळूहळू आडवी होते, हिस्टेरेसिस लूपचा आकार बदलतो, कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व उलटवायला लागणारं फील्ड) सहसा उतरते. फेरोमॅग्नेटिक रेझोनन्सची सोय असेल तर लाइनविड्थ बघा, एकसारखेपणा वाढला की ती बारीक होते आणि लूपपेक्षा लवकर बोलते.

सॅच्युरेशन मॅग्नेटायझेशन कुठपर्यंत जावं? तीस टक्के डोपिंगला दर मँगनीजमागे ३.७ बोर मॅग्नेटॉन, म्हणजे साधारण ५९० ईएमयू प्रति घन सेमी. तुमची फिल्म ७५० दाखवत असेल तर आनंद मानू नका, जाडी परत मोजा.

अ‍ॅनिलिंगने सगळं सुधारतंच ना? मग जास्त केलं तर अजून चांगलं?

नाही. आणि "चांगलं" कशासाठी ते आधी ठरवा.

कमी फील्डला मोठा मॅग्नेटोरेझिस्टन्स (चुंबकीय फील्डमुळे रेझिस्टन्समधे होणारा बदल) हवा असेल तर ग्रेन बाउंड्री हा तुमचा मित्र आहे. दोन ग्रेनचे स्पिन वेगवेगळ्या दिशेला असतात, इलेक्ट्रॉनला बाउंड्रीतून टनेल करायला त्रास होतो, छोटं फील्ड लावलं की ग्रेन एका दिशेला वळतात आणि रेझिस्टन्स धाडकन पडतो. १९९६ मधे हे पॉलिक्रिस्टलाइन मँगनाइटमधे स्पष्ट झालं आणि सिंगल क्रिस्टलमधे हा परिणाम नसतो हेही. म्हणजे तुम्ही ९५० ला दहा तास ठेवून ग्रेन मोठे केलेत तर रेझिस्टिव्हिटी छान उतरेल आणि कमी फील्डचा मॅग्नेटोरेझिस्टन्स त्याबरोबर जाईल. दोन्ही एकदम मिळत नाही, ओढाताण आहे ही.

दुसरं म्हणजे स्ट्रॉन्शियम. आयन मोठा, वरच्या तापमानाला तो पृष्ठभागाकडे जातो आणि तिथे ऑक्साइड-कार्बोनेटचे छोटे छोटे दाणे करून बसतो. वर गेलेल्या स्ट्रॉन्शियमने खालचं डोपिंग कमी होतं ते वेगळंच. एएफएममधे (पृष्ठभाग सूक्ष्म टोकाने चाचपणारा मायक्रोस्कोप) अ‍ॅनिलिंगनंतर सपाट पायऱ्यांवर ठिपके दिसले की समजा मर्यादा ओलांडली. टनेल जंक्शन (दोन चुंबकीय थरांमधे पातळ इन्सुलेटर) बनवणाऱ्यांसाठी तर हे विषच, कारण त्यांना जो पृष्ठभाग हवा तोच खराब.

सिलिकॉनवर फिल्म केली तर अ‍ॅनिलिंग चालेल का?

चालेल म्हणजे, होईल, पण रिझल्ट रडवेल. सिलिकॉन वर येऊन लॅन्थनमशी सिलिकेट करायला बघतो. शिवाय सिलिकॉनचं प्रसरण २.६ पीपीएम प्रति केल्विन आणि मँगनाइटचं ११-१२, म्हणजे ८०० अंशावरून खाली येताना फिल्म अर्ध्या टक्क्याहून जास्त ताणली जाते आणि जाड असेल तर तडकते. मधे बफर लागतो, एसटीओचा किंवा यिट्रिया-झिर्कोनियाचा, आणि तापमान जमेल तितकं खाली.

व्हॅक्यूममधे अ‍ॅनिलिंग मुद्दाम का करतात?

ऑक्सिजन मुद्दाम काढायला. एकाच फिल्ममधे डोपिंग बदलत बदलत धातूपासून इन्सुलेटरपर्यंत जाता येतं, केमिस्ट्री तीच, सबस्ट्रेट तोच, जाडी तीच, म्हणून अभ्यासाला फार सोयीचं. खूपच ऑक्सिजन काढला तर व्हॅकन्सी ओळीने रांगा लावून बसतात आणि ब्राउनमिलेराइट नावाची रचना तयार होते, फॉर्म्युल्यात तीनऐवजी अडीच ऑक्सिजनवाली, इन्सुलेटर. सी-अक्ष तेव्हा बराच लांबतो, एक्सरेत लगेच दिसतं.

पण एसटीओ सबस्ट्रेट असेल तर सांभाळा. व्हॅक्यूममधे ७००-८०० अंशाला तो स्वतःच ऑक्सिजन सोडतो, निळसर-काळपट होतो आणि कंडक्टर बनतो. फिल्म ५० नॅनोमीटर आणि सबस्ट्रेट अर्धा मिलिमीटर, म्हणजे दहा हजारपट जाड. थोडासा जरी वाहायला लागला तरी सगळा करंट खालून जातो आणि तुम्हाला वाटतं व्हॅक्यूम अ‍ॅनिलिंगने फिल्म धातू झाली. असं दिसलं की कोरा एसटीओचा तुकडा त्याच बोटीत ठेवून परत करा आणि त्याचाच रेझिस्टन्स मोजा.

डोपिंग न केलेली लॅन्थनम मँगनाइट फिल्म फेरोमॅग्नेटिक का दिसतेय?

कारण तिने जास्तीचा ऑक्सिजन घेतलाय. तसा पेरोव्हस्काइटमधे जास्तीच्या ऑक्सिजनला बसायला जागाच नाही, प्रत्यक्षात होतं असं की लॅन्थनम आणि मँगनीजच्या जागा रिकाम्या राहतात, ऑक्सिजनची जाळी पूर्ण असते. परिणाम तोच, चार प्लस मँगनीज तयार होतो आणि डबल एक्सचेंज सुरू. अँटिफेरोमॅग्नेट हवा असेल तर कमी ऑक्सिजनमधे किंवा व्हॅक्यूममधे तापवायला लागतं. बाकीच्यांसाठी सल्ला एकदम उलटा, म्हणून दुसऱ्याची रेसिपी उचलण्याआधी कंपोझिशन बघा.

एक लाख सत्तावीस हजार टक्के मॅग्नेटोरेझिस्टन्स हे खरं आहे का?

खरं आहे, १९९४ चं आहे, एलसीएमओ फिल्म, लॅन्थनम अ‍ॅल्युमिनेटवर, ९०० अंशाच्या आसपास ऑक्सिजनमधे तापवलेली, ७७ केल्विन आणि ६ टेस्ला. पण भागाकार कशाने केला ते बघा. रेझिस्टन्समधला बदल फील्डमधल्या छोट्या रेझिस्टन्सने भागलाय. तोच बदल शून्य फील्डच्या रेझिस्टन्सने भागला तर ९९.९ टक्के येतो, कारण या पद्धतीत शंभरच्या वर जाताच येत नाही. दोन्ही बरोबर, पण तुलना करताना कुठली व्याख्या वापरली ते न बघता टेबल बनवू नका. आणि शिखर ७७ ला होतं हेही बघा, टीसीपेक्षा बरंच खाली. फिल्म जितकी आदर्श होत जाते तितकं शिखर वर सरकतं आणि हे राक्षसी आकडे लहान होतात.

४० ते ५० केल्विनच्या मधे मॅग्नेटायझेशनमधे एक विचित्र टेकडी येते, नवीन फेज सापडली का?

बहुतेक नाही, सॉरी. दोन संशयित आहेत. एक, मँगनीजचं ऑक्साइड, तीन मँगनीज चार ऑक्सिजनवालं, ते ४२ केल्विनच्या आसपास फेरिमॅग्नेटिक होतं, आणि जास्त तापवल्यामुळे ते वेगळं पडलेलं असू शकतं. दुसरा, सॅम्पल चेंबरमधे शिरलेली हवा, त्यातला गोठलेला ऑक्सिजन याच पट्ट्यात टेकडी करतो. चेंबर नीट फ्लश करून परत मोजा, टेकडी गेली तर हवा होती.

अजून एक, नियोडिमियम गॅलेटवर ताण नसतो म्हणून मी वर कौतुक केलं खरं, पण तो सबस्ट्रेट स्वतः जोरदार पॅरामॅग्नेटिक आहे आणि कमी तापमानाला फिल्मचा सिग्नल बुडवून टाकतो. तिथे मॅग्नेटायझेशनऐवजी रेझिस्टन्सवर भर द्या. एसटीओ डायमॅग्नेटिक आहे, वजा करणं सोपं. स्टीलचा चिमटा मात्र कुठल्याच सबस्ट्रेटला लावू नका.

रेझिस्टिव्हिटीच्या फिटिंगमधून अ‍ॅनिलिंगबद्दल काय कळतं?

शिखराच्या खाली एक स्थिर संख्या, अधिक तापमानाच्या वर्गाची टर्म, आणि हवी तर साडेचारव्या घाताची. यातली स्थिर संख्या, म्हणजे रेसिड्युअल रेझिस्टिव्हिटी, दोष आणि बाउंड्रीची, ती अ‍ॅनिलिंगने उतरायला हवी. शिखराच्या वर स्मॉल पोलारॉनचं (जाळीच्या विकृतीत अडकून उड्या मारत जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचं) सूत्र, त्यातून अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी येते, ऑक्सिजन भरला की तीही सहसा कमी होते. फिट सुंदर आला म्हणून फिजिक्स सिद्ध झालं असं मात्र नाही, चार पॅरामीटर घेऊन काहीही फिट होतं.

फिल्म १० नॅनोमीटरपेक्षा पातळ आहे, अ‍ॅनिलिंगने टीसी वर येत नाही.

येणारही नाही कदाचित. सबस्ट्रेटजवळचे काही थर ना नीट चुंबकीय असतात ना वाहणारे, त्याला डेड लेयर म्हणतात. ऑक्सिजनची कमतरता त्यात एक कारण आहे, तेवढं भरून निघतं, पण ताण, इंटरफेसवरचा चार्ज, ऑर्बिटलची मांडणी ही कारणं भट्टीत जात नाहीत.

बोलोमीटरसाठी काय बघू?

बोलोमीटर म्हणजे रेझिस्टन्सच्या बदलावरून उष्णता ओळखणारा सेन्सर, तेव्हा रेझिस्टन्स दर केल्विनला किती टक्के बदलतो ते, आणि नॉइज. एलएसएमओ खोलीच्या तापमानाजवळ दोन-तीन टक्के देतं, एलसीएमओ दहाच्या पुढे जातं पण त्याला थंड करायला लागतं. अ‍ॅनिलिंगने ट्रान्झिशन धारदार होतं हे सगळे सांगतात, पण खरा फायदा कमी फ्रिक्वेन्सीचा नॉइज उतरण्यात असतो, ऑक्सिजन नीट बसलेला नसेल तर तो नॉइज भयंकर असतो.

भट्टीत ठेवण्याआधी काही तयारी?

सबस्ट्रेट हीटरला सिल्व्हर पेस्टने चिकटवला असेल तर मागची चांदी आधी काढा. चांदी ९६१ अंशाला वितळते, त्याच्या आधीच इकडे तिकडे पसरते आणि फिल्ममधे शिरली तर तुम्ही भलत्याच मटेरियलचं अ‍ॅनिलिंग करताय. अ‍ॅल्युमिनाची बोट, फिल्म वरच्या बाजूला, शेजारी कोरा सबस्ट्रेट. आणि फिल्म कापून अर्धा तुकडा न तापवता बाजूला ठेवा, दोन वेगवेगळ्या दिवशी बनवलेल्या फिल्म्सची तुलना म्हणजे निम्मा अंदाज.

एकच फिल्म परत परत तापवून प्रत्येक पायरीला मोजली तर चालेल का?

चालतं, मी तर तेच पसंत करतो, सॅम्पल-सॅम्पलमधला फरक मधे येत नाही. फक्त खालच्या तापमानाकडून वर जा, उलटं नको. आणि मधेच एकदा मागे येऊन बघा: ९०० च्या पायरीनंतर व्हॅक्यूममधे थोडा ऑक्सिजन काढा आणि परत ६५० ला ऑक्सिजनमधे भरा. टीसी जिथे होता तिथे परत आला तर तेवढा भाग ऑक्सिजनचा होता. आला नाही तर आधी भरायला वेळ पुरेसा दिला होता का ते तपासा, आणि तो दिला असेल तर मग स्ट्रॉन्शियम, इंटरफेस, ग्रेन यांच्याकडे बघायला लागेल, एएफएम घेऊन. प्रत्येक पायरीला कॉन्टॅक्ट्स नव्याने लावायला लागतात हा त्रास आहेच, आणि जुन्या कॉन्टॅक्टची चांदी पुसल्याशिवाय परत भट्टीत घालायचं नाही.